डावा पुढचा टायर, वजा दोन गुण

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघे आता तेवढे खाली जात नाहीत, तेव्हा हा नमस्कार खुर्चीत बसून घातलेला आहे, गोड मानून घे. त्यातलाच अर्धा वहिनींना दे.) तुझा पाय कसा आहे? जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो का? वहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली का, आणि निघाल्यावर तू त्यांना पूर्वीसारखाच दिसलास की आणखी वाईट, तेही कळव. इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे हिचा रक्तदाब वर असतो आणि माझा खाली, पण सरासरी काढली तर या घरात एक माणूस अगदी ठणठणीत आहे.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर आपण दोघं काय बोलतो ते तुला माहीत आहे. तुझ्याकडे हवा कशी, माझ्याकडे हवा कशी, आणि मग तू ‘बरं, ठेवू?’ म्हणतोस. एकोणीस वर्षं आपण एकमेकांना हवामान सांगतोय. एव्हाना वेधशाळेनं दोघांनाही कायम करून घ्यायला हवं होतं. शिवाय मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे, त्यात तक्रार आहे, आणि ऐकणारा जांभई देतोय हे कागदाला दिसत नाही. ही सोय मोठी आहे.

तक्रार आहे आमच्या मंडळाबद्दल. रिटायर झाल्यापासून मी प्लॅस्टिकचे तुकडे, पत्रा, तारा आणि डिंक यांचे छोटे ट्रक बनवतो हे तुला ठाऊकच आहे. (मागे आला होतास तेव्हा कपाटासमोर उभा राहून तू ‘खेळणी छान आहेत’ म्हणालास. खेळणं म्हणजे जे पोराच्या हातात दिलं तरी वाचतं ते. माझ्या ट्रककडे पाहून पोरानं नुसता जोरात श्वास सोडला तरी आरसा गळून पडतो.) आमचं प्रमाण एकास चोवीस. म्हणजे खऱ्या गाडीवर चोवीस बोटं भरणारी वस्तू माझ्या टेबलावर एक बोट भरली पाहिजे, सव्वा नाही आणि पाऊणही नाही. या हिशेबानं ड्रायव्हर होतो मधल्या बोटाएवढा, स्टिअरिंग कोटाच्या बटणाएवढं, आणि दरवाज्याची कडी तांदळाच्या दाण्याएवढी. अशी एक कडी गेल्या वर्षी चिमट्यातून निसटली. मी, ही आणि खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर असे तीन वयस्कर लोक अर्धा दिवस फरशीवर रांगत होतो. शेवटी मी दुसरी कडी बनवली, ती चिकटवली, आणि मग पहिली कडी माझ्या स्वेटरच्या बाहीवर सापडली. मास्तर तेव्हापासून जिन्यात भेटले की गुडघ्याला हात लावून दाखवतात.

डिंकाचं तर विचारूच नकोस. क्षणात चिकटणारा म्हणून जो मिळतो तो खरोखर क्षणात चिकटतो, फक्त हव्या त्या जागी नाही. पेन्शनच्या ऑफिसात दरवर्षी मी जिवंत आहे हे दाखवायला अंगठा द्यावा लागतो. यंदा गेलो तर अंगठ्यावर डिंकाचा थर, यंत्राला एकही रेघ दिसेना. खिडकीतल्या बाईंनी तीनदा पुसायला लावलं, मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुम्ही जुळत नाही.’ मी म्हटलं, अहो, मी समोर उभा आहे. त्या म्हणाल्या, ‘ते मला दिसतंय, पण मला दिसून काय उपयोग?’ पंधरा दिवस मी सरकारदरबारी धड जिवंत नाही, धड मेलेला नाही, असे काढले. हिनं त्या काळातही माझ्याकडून दळण आणून घेतलं.

पण हे सगळं परवडलं, कारण बारावी गाडी तुझी होती. पहिल्या अकरा गाड्या मी माहितीपत्रकं समोर ठेवून केल्या. ही केली डोक्यातून. आपल्या कंपनीतली ती जुनी सहाचाकी, जी तू चौदा वर्षं चालवलीस आणि मी तेवढीच वर्षं टायर सेक्शनच्या खिडकीतून रोज बाहेर पडताना बघितली. (मला सायकलच्या पुढे काही चालवता येत नाही हे आगारातल्या सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं, आणि ते मला ‘टायरसाहेब’ म्हणायचे ते आदरानं नव्हे.) चौदा महिने लागले. रेडिएटरची जाळी हिच्या चहाच्या गाळणीतून कापली. आठ दिवस आम्ही चहा चावून प्यायलो. दिवे हिच्या शिवणाच्या डब्यातल्या प्रेसबटणांचे. ताडपत्री माझ्या रुमालाची, पातळ डिंकात बुडवून, घड्या पाडून वाळवलेली. गंज खराखुरा, मागच्या फाटकावरून खरवडलेला. भंगारातून आणून बसवलेला तुझा तो हिरवा डावा दरवाजा, बंपर धरून ठेवणारी तार, सीटचं फाटलेलं रेक्झिन, काचेच्या कोपऱ्यातला तडा, सगळं जिथल्या तिथे. चाकांवरच्या स्प्रिंगचे लोखंडी पाटे मोजून सात, कारण सातच होते, आठवा तुटल्यावर कुणी बसवला नाही. गाडी तयार झाली तेव्हा ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘भावजी आतून उतरतील असं वाटतं.’ एवढ्या वर्षांत तिनं माझ्या कुठल्याही कामाला दिलेली ही सर्वात मोठी दाद.

आता मंडळ. आमच्या मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. (त्यांच्याकडे हत्यारं अप्रतिम आहेत. लोकांच्या दाढा कोरून झाल्या की तीच घेऊन ते प्लॅस्टिक कोरतात, की उलटं, हे मी कधी विचारलं नाही. माझी दाढ मी दुसरीकडे दाखवतो.) वार्षिक स्पर्धा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या मांडून जायचं, शनिवारी सकाळी परीक्षण. मी गाडी टेबलावर ठेवली आणि शेजारी कार्ड लावलं: ‘सहाचाकी मालट्रक. चौदा वर्षं सेवेत. शेवटच्या दिवशी सकाळी आगारातून निघताना जशी होती तशी. त्याच दिवशी उतारावर डावा पुढचा टायर फुटून अपघात.’ पुढे तुझ्या पायाचं, चौकशीचं, वेग जास्त होता असा ठपका ठेवून तुझी नोकरी आणि लायसन्स दोन्ही गेलं त्याचं मी काही लिहिलं नाही. कार्ड लहान होतं.

शनिवारी सकाळी हॉलवर पोचलो तर गाडीची उजवी बाजू चकाचक! हॉल झाडणाऱ्या बाईंनी ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. दीड महिना बसून मी एकेक शिंतोडा मारला होता रे! विटकरीची पूड, चहाचा वाळवलेला चोथा, तीन प्रकारचे रंग. बाई कौतुकानं म्हणाल्या, ‘एवढी छान गाडी केली आणि पुसायची राहिली होती. भिंतीकडची बाजू हाताला येईना, नाहीतर तीही केली असती.’ परीक्षक यायला वीस मिनिटं होती. मी गाडी उचलून हॉलच्या संडासात गेलो, जाताना जिन्यातल्या कुंडीतली मूठभर माती घेतली, आणि नळाखाली ती कालवून चिखल उडवायला लागलो. मध्येच एक गृहस्थ आत आले, त्यांनी पाहिलं की एक पांढऱ्या केसांचा माणूस वॉशबेसिनपाशी ट्रकवर चिखल फेकतोय. ते न थांबता तसेच परत गेले. (नंतर कळलं की ते परीक्षकांपैकी एक.)

तर परीक्षण. तीन परीक्षक: अध्यक्ष डॉक्टर, हे संडासातले गृहस्थ, आणि एक चष्मेवाले रिटायर्ड गॅरेजवाले, जे हातात बारीक बॅटरी घेऊन प्रत्येक गाडीच्या पोटाखाली बघतात. गॅरेजवाल्यांनी माझ्या गाडीसमोर दहा मिनिटं घालवली. पाटे मोजले. ‘सातच?’ म्हणाले, मी म्हटलं, ‘सातच होते,’ तर मान हलवली. मला वाटलं, बाजी मारली. मग ते डाव्या बाजूला गेले, वाकले, आणि तिथेच थांबले.

‘सगळी गाडी झिजलेली आहे,’ ते म्हणाले, ‘पाच टायर झिजलेले आहेत. मग हा पुढचा डावा एकटाच कोरा कसा?’

आता दादा, तू माझ्या जागी काय बोलला असतास ते मला माहीत नाही. मी म्हणालो, ‘झाडणाऱ्या बाईंनी पुसला.’ तोंडातून गेलं ते गेलं. अध्यक्षांनी बाईंना हाक मारली आणि सगळ्यांसमोर फैलावर घेतलं: कुणी सांगितलं होतं हात लावायला, चौदा महिन्यांचं काम आहे या माणसाचं, उद्या समारंभाला तुम्ही येऊ नका, दुसरं कुणीतरी बघू. बाई म्हणत होत्या, ‘मी ही बाजू पुसलीच नाही हो, मी ती खिडकीकडची पुसली.’ पण अध्यक्ष एकदा बोलायला लागले की समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि त्याला बोलता येत नाही, ही त्यांची धंद्यातली सवय आहे. मी खिशात हात घालून उभा होतो. माझ्यावर बोलायची पाळीच आली नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

गॅरेजवाले मात्र अजून वाकलेलेच. ते म्हणाले, ‘पुसून धूळ जाते, नक्षी परत येत नाही. हा टायर नवाच बनवलेला आहे.’ मग मला राग आला. चांगलाच आला. मी मोठ्यानं म्हणालो, ‘नवा बनवलाय कारण नवाच होता! मी स्वतः टायर सेक्शनला होतो. मी स्वतः स्टोअरमधून काढून दिला होता. रजिस्टरला नोंद आहे!’ बाई फडकं हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. गॅरेजवाले ‘असेल बुवा’ म्हणाले आणि वहीत लिहिलं: डावा पुढचा टायर, विसंगत, वजा दोन.

पहिला नंबर कुणाला मिळाला असेल? अध्यक्षांच्या साडूच्या लाल स्पोर्ट्स कारला. खोक्यातून काढायची, बारा तुकडे जोडायचे, झालं. दरवाजे उघडत नाहीत, इंजिनाच्या जागी पोकळी, पण रंग असा की परीक्षकांना त्यात स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि ते त्यांना आवडलं. मला उत्तेजनार्थ. आणि प्रमाणपत्रावर काय लिहिलंय वाच: ‘चिखलाचा नैसर्गिक वापर’. म्हणजे दीड महिन्याचा नव्हे, संडासातला! मी ते घरी आणून उलटं ठेवलं. सोमवारी मंडळाचा राजीनामा लिहिला, मंगळवारी फाडला, कारण त्यात शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या असत्या आणि अध्यक्षांनी त्याचेही गुण कापले असते.

स्पर्धेला आमची वकीलबाई आली होती. (पाच वर्षांची असताना ती प्रत्येक गोष्टीला ‘पण का’ विचारायची म्हणून तूच हे नाव ठेवलंस. आता ती दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, आणि घरी आली की आमचं.) परत येताना गाडी तीच चालवत होती. मी मागे बसून, खोकं मांडीवर धरून, मंडळाचा पंचनामा करत होतो. सिग्नलला ती मध्येच म्हणाली, ‘बाबा, तो टायर खरंच नवा होता?’

‘नवाच.’

‘मग फुटला कसा?’

मी म्हटलं, नवे टायरही फुटतात. ती म्हणाली, ‘एका खेपेत?’ तेवढ्यात सिग्नल सुटला. ही पुढच्या सीटवर होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण घर येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि तुला तुझी भावजय माहीत आहे, ती गप्प बसते तेव्हा घरातली भांडीसुद्धा आवाज न करता घासली जातात. रात्रीचं जेवण वाढताना एवढंच म्हणाली, ‘मला काही सांगू नका. सांगायचं ते भावजींना सांगा.’

तर असं आहे आमचं मंडळ. पक्षपाती, आंधळं, आणि दातांच्या डॉक्टरांच्या ताब्यात. तुझ्या गाडीला न्याय मिळाला नाही याचं वाईट वाटतं, दुसरं काय. पाय जप. वहिनींना डोळ्यात थेंब घालायची आठवण कर. मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर आपल्या घरात आता मोठा तूच उरलास, तेव्हा तो वरचाच पुन्हा एकदा घे.

तुझा धाकटा भाऊ
टायरसाहेब

ता. क. : झाडणाऱ्या बाईंचं राहिलं. बुधवारी वाचनालयात जाऊन व्यवस्थापकांना सांगितलं की त्यांनी तो टायर पुसला नव्हता, मी खोटं बोललो. व्यवस्थापक म्हणाले, ठीक आहे, पुढच्या वेळी त्यांनाच बोलावू. बाई जिना पुसत होत्या. त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे तुम्ही शनिवारी बोलला असता तर चार माणसांनी ऐकलं असतं. आज कुणी ऐकलं?’ आणि माझ्या पायाखालची पायरी पुसायची होती म्हणून मला बाजूला व्हायला सांगितलं.

ता. क. २ : टायर नवा नव्हता. तुला हे मी सांगतोय म्हणजे कमालच आहे, कारण तूच मला सांगितलं होतंस. निघायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणालास, ‘अरे, हा जुन्यावर नवं रबर चढवलेला आहे, तेही सुटत आलंय, पुढे नको लावूस.’ चढवलेला टायर पुढच्या चाकाला लावायचा नाही ही पाटी माझ्याच सेक्शनच्या भिंतीवर होती, माझ्याच अक्षरात. स्टोअरमध्ये नवा एकच होता आणि तो साहेबांनी नव्या गाडीसाठी ठेवला होता. तो मागायचा तर साहेबांच्या केबिनमध्ये जावं लागलं असतं, आणि साहेब सकाळपासून चिडलेले होते. कारण एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी एकोणीस वर्षं शोधतोय, सापडत नाही. मी म्हटलं, ‘दादा, एवढी एक खेप मार, आलास की बदलतो.’ तू गेलास. तू इस्पितळात असताना, चौकशीचे लोक यायच्या आधी, मी रजिस्टर उघडलं आणि मोकळ्या ओळीत लिहिलं: डावा पुढचा, नवा. टायरच्या चिंध्या झाल्या होत्या, कोण ओळखणार होतं? मग चौकशीत त्यांनी तुला विचारलं, टायर कसा होता? मी रजिस्टर घेऊन खिडकीपाशी उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस. माझं घर नुकतंच लागलं होतं, वकीलबाई शाळेत होती, हे सगळं तुझ्या डोळ्यांत एका क्षणात मोजून झालेलं मला दिसलं. तू म्हणालास, ‘टायर ठीक होता. माझाच वेग जास्त होता.’

तो छोटा टायर मी चार वेळा बनवला. पहिला खरा होता, गुळगुळीत, रबराचा जोड सुटत आलेला. बसवला, जेवायला गेलो, जेवून आलो, आणि उपटून काढला.

ता. क. ३ : हे पत्र टपालानं येणार नाही. रविवारी वकीलबाई तुझ्याकडे येतेय, तिच्याच हातून पाठवतोय. मी गुरुवारी तिला समोर बसवून सांगायला गेलो आणि पाऊण तास रंगांबद्दल बोललो. ती म्हणाली, ‘राहू दे बाबा, मी मोठ्या काकांनाच विचारते.’ अकराच्या गाडीनं उतरेल. घ्यायला जाऊ नकोस, जिन्याचा त्रास होईल, तिला घर माहीत आहे. पाकीट मी बंद केलेलं नाही. पण दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही, तेव्हा तुझं वाचून झालं की तिच्या हातात दे. ती तरीही तुला विचारेलच. तू नेहमीसारखं वेगाचं बोलशील, उताराचं बोलशील, नशिबाचं बोलशील, आणि चहा टाकायला उठशील. दादा, उठू नकोस. या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस.